डॉलीवाल्याच्या शेजारची सीट

त्या माणसाचा विषय घरात काढू नकोस, असं मी बायकोला किती वेळा सांगितलं असेल. ती म्हणते, तुम्हीच काढता. खरं आहे ते. जेवायला बसलो, दाढी करायला बसलो, रस्त्यानं एखादी गाडी दुसरीला बांधून चाललेली दिसली, की माझ्या तोंडून आबा निघतोच, आणि एकदा निघाला की पुढचा सगळा वेळ माझं डोकं फिरलेलं राहतं. आता आडपडदा कशाला ठेवू, मी त्या माणसावर जळायचो. त्यानं धंदा सोडला, त्याची डॉली दारात गवतात उभी राहिली, तरी जळतो.

धंदा आमचा दोघांचा एकच. बारामती ते इंदापूर रस्त्यावर बंद पडलेल्या गाड्या उचलायच्या आणि गॅरेजला नेऊन सोडायच्या. माझी रिकव्हरी व्हॅन जळोचीच्या पुढं रोडलाच उभी असते. सपाट पाठीची, हायड्रॉलिक. बटण दाबलं की पाठ खाली उतरते, गाडी तारेनं वर ओढून घ्यायची, चाकं बांधायची आणि निघायचं. त्याच्याकडं काय होतं, तर रंग उडालेली जीप आणि तिच्या मागं वेल्डिंगच्या दुकानात बनवून घेतलेली दोन चाकांची डॉली. डॉली म्हणजे बुटका गाडाच. बंद गाडीची पुढची दोन चाकं तिच्यावर चढवायची, पट्ट्यानं आवळायची, मागची दोन चाकं रस्त्यावर आपली आपण फिरत येतात. ज्या गाडीला पुढची चाकं ओढतात तिला हे चालतं. जिची मागची ओढतात तिला चालत नाही, गिअरबॉक्सचं वाटोळं होतं.

म्हणून फोन उचलला की हॅलो नाही, रामराम नाही, आबाचा पहिला प्रश्न, पुढची चाकं वढत्यात का मागची? समोरचा गडबडला की आधी बघून ये म्हणायचा आणि फोन ठेवून द्यायचा. मी पहिल्या रिंगला फोन उचलतो, दादा म्हणतो, निघालोच म्हणतो. आणि लोक काय करायचे, तर मॅकॅनिकला फोन लावून चाकांची चौकशी करायचे आणि पुन्हा त्यालाच फोन लावायचे. उन्हात तास तास वाट बघत बसायचे. मी त्यांच्या शेजारून रिकामी व्हॅन घेऊन गेलोय, हात करून विचारलंय, येऊ का. नको, आबा निघाल्यात, असं उत्तर मिळालंय. हे ऐकून ज्याच्या अंगाचा तिळपापड होणार नाही तो माणूस मला दाखवा.

दिसायलाही तो साधासुधा नव्हता. भर वैशाखात गळ्यापर्यंत बटणं लावलेला इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोळ्याला काळा गॉगल, मिशीला तेल. गाडीखाली घुसून बाहेर आला तरी शर्टाला डाग नसायचा. कसा नसायचा, देव जाणे. खिशात लिमलेटच्या गोळ्या. गाडी बांधायला घेतली की मालकाच्या हातावर एक गोळी ठेवायचा आणि सांगायचा, ही संपस्तोवर बोलायचं न्हाई. मोठमोठे बागायतदार, चार माणसांवर हुकूम चालवणारे, गोळी चघळत मुकाट उभे राहायचे. त्यांचा हँडब्रेक सोडलाय का, गिअर न्यूट्रलला आहे का, हे त्यांनी शपथ घेऊन सांगितलं तरी तो स्वतः आत वाकून बघायचा. मग डॉलीच्या मागच्या दिव्यांची वायर जोडायचा आणि मालकाला मागं उभं करून डावा लागला का, उजवा लागला का, ब्रेकचा लागला का, असं विचारायचा. गाडीच्या शेपटाला लाल फडकं बांधायचा. ते बायकोच्या लुगड्याचं असायचं, आणि त्यावरून त्यांच्या घरात कायम धुसफूस चालायची.

सांगायचं म्हणजे, ओढल्या जाणाऱ्या गाडीत त्यानं कुणाला बसू दिलं नाही. आमच्याकडची रीत उलटी. दोर बांधायचा, ट्रॅक्टर लावायचा, बंद गाडीच्या स्टिअरिंगवर मेव्हण्याला नाही तर भाच्याला बसवायचं आणि ब्रेक दाब रे म्हणत निघायचं. एकदा काटेवाडीच्या पुढं नवरदेवाची गाडी बंद पडली. फुलं लावलेली, मागं नाव चिकटवलेलं. मुहूर्त इंदापूरला. माझ्या व्हॅनवर चढवली असती तर तासाभरात पोचवली असती, पण आबाला बोलावलं. नवरदेव म्हणाला, मी माझ्या गाडीतच बसणार, लोक काय म्हणतील. आबानं हातातला पट्टा खाली ठेवला आणि रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन बसला. वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांनी समजावलं, नवरदेवाच्या मामानं आवाज चढवला, आबा बसून राहिला. शेवटी मुंडावळ्या बांधलेला नवरदेव त्या फाटक्या सीटच्या जीपमध्ये पुढं बसला आणि मागून त्याची सजवलेली गाडी रिकामी आली. मांडवात हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. मला वाटलं, आता या म्हाताऱ्याला कुणी विचारणार नाही. झालं काय, तर पुढं त्या नवरदेवाच्या सगळ्या गोतावळ्यात कुणाचीही गाडी बंद पडली की फोन आबालाच.

डॉली लावली की जीप मागं घेता येत नाही, डॉली आडवी होते. म्हणून तो मागं घ्यायचाच नाही. चुकून बोळात शिरला तर सगळं सोडवून डॉली हातानं फिरवायचा, आणि बोळातली माणसं, दुकानदार, पिशव्या घेतलेल्या बायासुद्धा, डॉलीला हात लावायला पुढं व्हायची. वेगही बैलगाडीपेक्षा थोडा बरा, एवढाच. त्याच्या मागं गाड्यांची रांग लागायची, हॉर्न वाजायचे, तो खिडकीतून हात बाहेर काढून सगळ्यांना पुढं जा म्हणून खुणावायचा. त्या रांगेत मीही सापडलोय. मलाही त्यानं पुढं जा म्हणून खुणावलंय.

माझ्या व्हॅनला तो पाळणा म्हणायचा. चारचौघांत विचारायचा, काय म्हनतोय तुझा पाळणा? लोक हसायचे. मीही हसायचो, काय करणार.

पण गिऱ्हाइकं गेली तर गेली, दुसरी मिळतात. मला लागली ती वेगळीच गोष्ट. त्यानं माझा बाप नेला.

आमचे तात्या जन्मभर कारखान्याला ऊस ओढणारे. ट्रॅक्टरच्या मागं दोन भरलेल्या ट्रॉल्या घेऊन कऱ्हाटीपासून इंदापूरपर्यंत सगळा भाग त्यांच्या पायाखालचा. मी लहान असताना मडगार्डवर बसून त्यांच्याबरोबर फिरलोय. तर त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, हात मागं राहिला. मग आम्ही सगळे त्यांच्या हाताच्या सेवेला लागलो. मी शर्टाची बटणं लावायचो, बायको भाकरी कुस्करून द्यायची, डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता तो उशाशी ठेवायचो. तात्या ओट्यावर बसून रस्त्याकडं बघत राहायचे. काही मागायचे नाहीत, काही बोलायचे नाहीत. मला वाटायचं, आपलं सगळं बरोबर चाललंय.

एक दिवस आमच्या शेजाऱ्याची गाडी दारात बंद पडली. माझी व्हॅन पलीकडं उभी, आणि शेजाऱ्यानं बोलावलं कुणाला, तर आबाला. मी मूग गिळून दारात उभा. आबानं गाडी डॉलीवर चढवली आणि ओट्याकडं बघून म्हणाला, ए तात्या, बसून काय ऱ्हायलाईस, ह्यो पट्टा धर. मी पुढं झालो, सांगितलं, त्यांचा हात चालत नाही. आबा माझ्याकडं न बघता म्हणाला, मी त्याला विचारलं. आणि आमचे तात्या उठले. भिंतीला धरून पायरी उतरले, रस्ता ओलांडला आणि पट्टा धरला.

त्या दिवसापासून रोज सकाळी आमच्या दारात जीपचा हॉर्न वाजायला लागला. हॉर्न वाजायच्या आधी तात्यांची टोपी डोक्यावर, आणि शर्टाची बटणंसुद्धा लावलेली. वरखाली लावलेली असायची, पण माझी वाट बघितलेली नसायची. जीपमध्ये आबाच्या शेजारची सीट आता त्यांची झाली. संध्याकाळी काळेमिचकूट हात घेऊन यायचे आणि जेवताना आबाचंच पुराण. आबा असं म्हणाला, आबानं त्याला असं झापलं. मी म्हणायचो, तात्या, चला की एक दिवस माझ्यासंगं, माझ्या गाडीत एसी हाय. ते म्हणायचे, तुझ्यात मी काय करू? तू बटण दाबतोस.

मग मी एक दिवस युक्ती केली. म्हटलं, तात्या, आज पट्टे तुमी बांधा, माझी पाठ दुखतीय. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. म्हणाले, खेळवू नगंस मला. एवढंच म्हणाले आणि गेटकडं गेले, कारण बाहेर हॉर्न वाजला होता.

खरं सांगतो, त्या दिवशी मी व्हॅन काढली आणि जीपच्या मागं मागं गेलो. काय बघायचं होतं मलाच माहीत नव्हतं. काटेवाडीत एक गाडी त्यांनी डॉलीवर घेतली, इंदापूरला सोडायची होती. एका बाजूचा पट्टा आबानं आवळला, दुसऱ्या बाजूचा तात्यांनी. मी लांब झाडाखाली थांबून बघत होतो. ते निघाले, मीही मागं निघालो, आणि थोडंसं अंतर गेल्यावर आबानं जीप कडेला घेतली. हे त्याचं ठरलेलं. टायर डॉलीवर नीट बसायला थोडी वाट चालावी लागते, मग पट्टा सैल पडतो, म्हणून जरा पुढं जाऊन थांबायचं आणि पुन्हा सगळं हातानं बघायचं. बाकीचे आम्ही सगळे हे करतो म्हणतो आणि करत नाही. आबानं कधी चुकवलं नाही.

त्यानं आपला पट्टा बघितला. मग फिरून तात्यांच्या बाजूला गेला, पट्ट्याखाली बोटं घातली, आणि भर रस्त्यात माझ्या बापाला बोलायला लागला. काय ते बोलणं. गाडी कुणाच्या अंगावर घालायची हाय का, चाक सुटलं तर मागच्या मोटारसायकलवाल्याच्या घरी तू जाणार हायेस का सांगायला, आणि मधी मधी शिव्या. गाडीचा मालक गोळी तोंडात धरून उभा. तात्या मान खाली घालून ऐकत होते.

माझं रक्त उसळलं. आणि लपवत नाही, आतून बरंही वाटलं. म्हटलं, झालं, आता कळेल तात्यांना. आता येतील घरी. मी व्हॅनमधून उतरून तरातरा गेलो आणि आबाच्या पुढ्यात उभा राहिलो. म्हणालो, "आबा, त्यांच्या हाताला वारं गेलंय, दिसत न्हाई का तुमाला?"

आबानं गॉगल वर केला. "हाताचं कोन बोलतंय?" तो म्हणाला. "हात बरा हाय त्याचा. डोस्कं अजून उसाच्या ट्रॉलीवर बसलंय. जलमभर ट्रॅक्टर आन् ट्रॉलीच्या साखळीला वीतभर ढील देत आला, वळणावर तुटू नये म्हनून. ती ढील हितं पट्ट्यालाबी ठिवतोय." मग तात्यांकडं वळून म्हणाला, "साखळीला ढील, तात्या. पट्ट्याला न्हाई. वढ परत."

तात्यांनी मान वर केली. मला वाटलं होतं डोळ्यात पाणी असेल. कसलं पाणी. चेहरा खुलला होता त्यांचा. "व्हय की," ते म्हणाले, "सवय रं." आणि त्यांनी डाव्या हातानं पट्ट्याचा खटका धरला, उजवा त्याच्यावर ठेवला, आणि दोन्ही हातांचा जोर लावून आवळायला लागले. घामाघूम झाले. आबानं मदत केली नाही. मला हात पुढं करू दिला नाही. जीपच्या बॉनेटला टेकून मिशीवरून बोट फिरवत उभा राहिला.

मी व्हॅनमध्ये येऊन बसलो. रागावू कुणावर तेच कळेना. डॉक्टरांनी हात बघितला होता, बायकोनं हात बघितला होता, मी तर रात्रंदिवस त्या हाताकडंच बघत होतो. त्या मडगार्डवर लहानाचा मोठा मी झालो, साखळीला ढील देताना तात्यांना शंभरदा मी बघितलं, आणि ओळखलं कुणी, तर या उपटसुंभानं. मला त्याच्या शर्टाचा, त्याच्या मिशीचा, त्याच्या त्या लाल फडक्याचा एवढा राग आला की इंदापूरचं भाडं आलं होतं ते मी तब्येतीचं कारण सांगून सोडून दिलं.

त्यानंतर दुपारच्या वेळी तात्या घरी असले की एक जुना पट्टा घेऊन बसायचे. खाटेच्या पायाला गुंडाळायचे, आवळायचे, सोडायचे, परत आवळायचे. खटक्याची कटकट घरभर. बायकोला झाडता यायचं नाही. रबरी चेंडू कुठं गेला कुणाला पत्ता नाही. हळूहळू बटणं सरळ लागायला लागली, भाकरी स्वतः मोडायला लागले. बायको म्हणाली, देव पावला. मी म्हटलं, देव कशाला, आबा पावला म्हण की. ती म्हणाली, तुम्हाला बाप बरा होतोय याचं वाईट वाटतंय का? बरा होतोय याचं वाईट वाटत नव्हतं. कुणाच्या हातून होतोय, तिथं दुखत होतं.

आबानं धंदा सोडला तो डोळ्यांपायी. एका सकाळी दिवे तपासताना उजवा लागला का, हे मालकानं सांगायच्या आधी तो स्वतः मागं जाऊन बघायला लागला, आणि लागलेला दिवा त्याला दिसेना. काचबिंदू निघाला. तेवढ्यावर त्यानं जीपची किल्ली बायकोच्या हातात दिली. लोकांनी लई सांगितलं, गावातल्या गावात चालव. नाही म्हणाला. लेकीनं येऊन दोघांना पुण्याला नेलं. तात्या निरोप द्यायला गेले होते. परत आले ते ओट्यावर बसले, पुन्हा रस्त्याकडं बघत. मी मनात म्हटलं, आता तरी हे आपले. पण ओट्यावर बसलेला माणूस कुणाचाच नसतो, हे थोड्या दिवसांत कळलं.

गेल्या महिन्यात कऱ्हाटीकडून फोन आला. एका शिक्षकाची गाडी वळणावर रस्ता सोडून उसात शिरली होती. माझा हाताखालचा माणूस लग्नाला गेलेला. उसातून गाडी काढायची म्हणजे एकट्याचं काम नाही. मी व्हॅन सुरू केली, घरापुढं थांबवली आणि आतूनच हाक मारली, तात्या, चला, मानूस न्हाई मला. या वेळी पाठीचं सोंग नव्हतं. ते त्यांना कळलं असावं. टोपी घातली आणि आले. माझ्या शेजारी बसले. एसी बंद कर म्हणाले.

गाडी काढली. तारेनं ओढून व्हॅनवर घेतली. मी माझ्या बाजूची चाकं बांधली, तात्यांनी त्यांच्या बाजूची. मग मी फिरून त्यांच्या बाजूला गेलो. पुढचा पट्टा पक्का होता. मागच्याखाली माझी बोटं सहज गेली.

तात्या पलीकडं त्या मास्तरांशी बोलत होते. खटका दोनदा दाबला असता तर कुणाला कळलंही नसतं. माझा हात तिथं गेलासुद्धा होता. मग मी हात काढून घेतला. बापाला चारचौघांत बोलायची आमच्या घरात पद्धत नाही, मी आजवर त्यांना एकेरीसुद्धा बोललेलो नाही.

"तात्या," मी म्हणालो, "मागचा ढिला हाय. ही उसाची ट्रॉली न्हाई, गाडी हाय. वढा परत."

मास्तर चपापले. मी वढू का, म्हणून पुढं झाले. मी त्यांना आडवा हात लावला. म्हटलं, न्हाई, त्यांचं काम हाय त्ये. तात्या माझ्याकडं बघत आले, वाकले, आणि आवळायला लागले. बराच वेळ लागला. मागं एक टेम्पो येऊन हॉर्न वाजवायला लागला, मी त्याला हातानं थांबवलं. तात्यांनी मान हलवली तेव्हा मी बोटं घालून बघितलं. नख शिरेना.

निघालो. मास्तर मागच्या सीटवर बसले. तात्या खिडकीबाहेर बघत होते, आणि मी वाट बघत होतो. काय म्हणतील याची मला एवढी उत्सुकता लहानपणी निकालाच्या दिवशीसुद्धा नव्हती. राग आला असेल तर रागावू देत, पण मला काहीतरी म्हणू देत. जळोचीचा फाटा आला तसा त्यांनी खिशातून फोन काढला आणि पुण्याला लावला.

"आबा, मी बोलतोय," ते म्हणाले. "अरं आज माझा पट्टा ढिला सापडला. ... पोरानं धरला. ... व्हय, मास्तरच्या म्होरं बोलला मला. ... व्हय, मलाच वढायला लावलं." एवढं बोलून ते खदखदून हसले. तसं हसताना मी त्यांना वारं गेल्यापासून बघितलं नव्हतं. मग तिकडून काहीतरी विचारलं गेलं असणार, कारण तात्यांनी एकवार माझ्याकडं बघितलं, आणि मी शेजारी बसलेलोच नाही अशा आवाजात सांगितलं, "बरा हाय. शिव्या येत न्हाईत अजून त्याला."